रस्ता रुंदीकरण आणि मुंबईकर वारस

प्रश्न : आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात राष्ट्रीय महामार्गालगत आहे. रुंदीकरणात आंबा-फणसाची जुनी झाडे आणि अंगण जाणार, असे कळते. सातबारा अजून आजोबांच्या नावावर आहे. मुंबईत राहणाऱ्यांना हरकत घेता येत नाही, घेतलीच तर मोबदला बुडतो, असे भावकीत बोलले जाते. हे खरे का?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन १९५६च्या राष्ट्रीय महामार्ग अधिनियमानुसार संपादित होते. कलम ३-अ ची अधिसूचना राजपत्रात आल्यापासून २१ दिवसांत जमिनीत हितसंबंध असलेल्या कोणालाही सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी हरकत घेता येते. गावात राहण्याची अट नाही. हरकतीमुळे मोबदला बुडतो ही भीती निराधार आहे. मात्र हरकत म्हणजे स्थगिती नव्हे. नुसता ‘निसर्ग वाचवा’ असा अर्ज दुबळा ठरतो. गट क्रमांक, झाडांची जात व संख्या, विहीर, पाणंद आणि सुचवलेली पर्यायी बाजू नकाशासह मांडली, तर सुनावणीत मुद्दा ठोसपणे मांडता येतो.

खरी अडचण सातबाऱ्याची आहे. परशुराम घाटात देवस्थान, खोत आणि कुळे यांच्यातील मोबदल्याच्या वादाने महामार्गाचे काम दीर्घकाळ रखडले. म्हणून तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज आधी, बाकी सारे नंतर. मोबदल्यात घर आणि झाडांचे मूल्यही धरले जाते. रक्कम अमान्य असल्यास लवादाकडे दाद मागता येते. कोऱ्या संमतीपत्रावर सही कोणीही करू नये, अगदी भावकीच्या आग्रहावरूनही.