पोटात शिरलेली हवा

चाकणच्या एका कंपनीत मी मेंटेनन्सला आहे. सेकंड शिफ्ट सुटली की बसने मोशीला घरी पोचेपर्यंत साडेबारा वाजतात. मग पोटभर जेवायचं आणि लगेच सीपॅप लावून आडवं व्हायचं. झोपेत श्वास अडकतो म्हणून हे मशीन आलं. दिवसाची पेंग गेली, पण सकाळी पोट टम्म, ढेकरांवर ढेकर, छातीत जळजळ.

फॅमिली डॉक्टरांना मी पोट दाखवलं, मशीनचं सांगितलं नाही. झोपेच्या डॉक्टरांशी मशीनबद्दल बोललो, पोटाचा विषय काढला नाही. ओवा आणि ॲसिडिटीच्या गोळ्यांवर तीन महिने गेले. शेवटी वैतागून मशीन कपाटात ठेवलं. पोट उतरलं, पण बाराव्या दिवशी उघड्या पॅनलसमोर उभ्या उभ्या डुलकी लागली. हेल्परने दंड धरून मागे ओढलं. त्याची ती पकड मी विसरलेलो नाही.

मग झोपेच्या डॉक्टरांना पोटाचंही सांगितलं. त्यांनी मशीनच्या कार्डावरची रात्रीची नोंद पाहिली. आमच्या कंपनीतल्या एअर लाइनला सहा बार दाब असतो. सीपॅपचा दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात. दहा सेंटिमीटर म्हणजे आमच्या लाइनचा सहाशेवा हिस्सा. पण तो रात्रभर घशावर असतो. अन्ननलिकेच्या तोंडाची झडप सैल पडली की हवा जठरात उतरते. याला एरोफेजिया म्हणतात.

डॉक्टरांनी वरचा दाब थोडा उतरवला, श्वास सोडताना दाब कमी होण्याची सोय चालू केली, चोंदलेल्या नाकावर उपचार केले. मी डाव्या कुशीवर झोपू लागलो, पलंगाची उशाकडची बाजू उंच केली. जेवण आता कॅन्टीनमध्येच, साडेआठला. इतकी वर्षं बायको माझ्यासाठी जेवायची थांबायची. तिला समजावणं सगळ्यात अवघड गेलं.

तुम्हालाही असं होत असेल तर मशीन बंद करू नका, दाब मनाने बदलू नका. कमी पडला तर श्वास पुन्हा अडकतो. काहींना दोन दाबांचं बायपॅप सोसतं, ते डॉक्टरच ठरवतील. थर्ड शिफ्ट करून दिवसा झोपत असाल तरी मास्क हवाच. पोटात असह्य कळ आली, उलट्या थांबत नसतील किंवा शौचाला काळं झालं तर थेट हॉस्पिटल गाठा.

आणि दोन्ही डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगा. मी वही ठेवली आहे: जेवलो कधी, मास्क लावला कधी, सकाळी पोट कसं. अजूनही आठवड्यातून एखादी सकाळ जड जाते. तीही लिहितो.