विक्षिप्त विद्वान आणि आपले हसू
(द्वितीय वर्ष, कला)

विद्वानाला हसण्याची परंपरा जुनी आहे. सोळाव्या शतकातील इटालियन मुखवटानाट्यात 'दोत्तोरे' नावाचे पंडिताचे ठराविक पात्र असे. तो चुकीचे लॅटिन झाडी आणि लोक हसत. मात्र दोत्तोरेची विद्या खोटी होती. दूरदर्शन-मालिकांनी लोकप्रिय केलेल्या विद्वानाची विद्या खरी असते. त्याचे अडते ते माणसांत वावरताना. 'द बिग बँग थिअरी' या अमेरिकन मालिकेतील (२००७ ते २०१९, एकूण २७९ भाग) शेल्डन कूपर हे याचे ठळक उदाहरण होय. या भूमिकेसाठी जिम पार्सन्स यांना चार वेळा एमी पुरस्कार मिळाला.

शेल्डन हा सैद्धांतिक पदार्थवैज्ञानिक. सोफ्यावरील त्याची जागा ठरलेली. तेथे दुसऱ्याने बसायचे नाही. शेजारच्या पेनीचे दार तो तीनदा ठोठावतो आणि प्रत्येक वेळी तिचे नाव घेतो. उपरोध त्याला कळत नाही. फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँ यांनी १९०० साली हास्यावरील ग्रंथात म्हटले होते की, जिवंत माणसाच्या वागण्यात यंत्राचा ताठरपणा दिसला की आपण हसतो, आणि ते हसू म्हणजे समाजाने केलेली एक प्रकारची शिक्षाच असते. शेल्डनचे दार ठोठावणे या विचारात चपखल बसते.

परंतु एवढ्याने शेल्डन पुरता उलगडत नाही. २००८ सालच्या नाताळाच्या भागात पेनी त्याला भेट देणार असते. शेल्डनच्या मते भेट म्हणजे परतफेडीचे ओझे! म्हणून तो लहानमोठ्या अनेक भेट-टोपल्या विकत आणतो. तिच्या भेटीच्या किमतीची टोपली द्यायची, उरलेल्या दुकानात परत करायच्या, असा त्याचा हिशेब. आपण हसतो, पण लग्नातला आहेर वहीत लिहून ठेवून तेवढाच फेडणारे आपण तरी निराळे काय करतो? आपण ते बोलत नाही, शेल्डन बोलतो. म्हणजे हसू त्याच्यावर असले, तरी उघडा पडतो तो आपला अलिखित नियम.

येथे एक शंका येते. शेल्डनचे सारे खपते ते त्याच्या बुद्धीमुळे. मग ज्याला रीत कळत नाही, पण जो असामान्यही नाही, त्याने काय करावे? आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. पहिल्या दिवशी ग्रंथालयाच्या दाराशी चपला काढून मी आत गेले, तेव्हा सगळे हसले. त्यात दुष्टावा नव्हता. तरी दोन आठवडे मी तिकडे फिरकले नाही.

मालिकेच्या शेवटच्या भागात शेल्डनला नोबेल पारितोषिक मिळते. लिहून आणलेले भाषण बाजूला ठेवून तो मित्रांना एकेक करून उभे राहायला सांगतो व त्यांचे आभार मानतो. या मित्रांनी त्याच्या नोबेलची वाट पाहिली नव्हती. ते त्याला हसले, त्याच्यावर चिडले, आणि सोफ्यावरची त्याची जागा मात्र बारा वर्षे त्याला देत राहिले. बर्गसाँच्या शिक्षेहून हे हसू वेगळे आहे. आपल्या वर्गातही ते यावे, असे मला वाटते.