ऊसतोडीतल्या गरोदर बाईला पगारी रजा का नाही?

प्रश्न : माझी वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. बाळंतपणात तिला सहा महिने पगारी रजा मिळाली. आमच्या तालुक्यातल्या तांड्यांवरून जोडपी ऊसतोडीला जातात. त्यातली गरोदर बाई एक दिवस फडात गेली नाही, तर खाडा कापतात. असं का?
– एक वाचक, कन्नड

उत्तर : वहिनींची 180 दिवसांची रजा सेवानियमांतून येते. खासगी नोकरीतल्या बाईला 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवडे पगारी रजा आहे. प्रसूतीनंतर सहा आठवडे तिला कामाला लावायलाच बंदी आहे. अट एवढीच, की आधीच्या 12 महिन्यांत त्या मालकाकडे 80 दिवस काम झालेलं हवं.

आता फडाचा हिशेब मांडा. गळीत हंगाम चार-पाच महिने चालतो. 80 दिवस ही बाई केव्हाच भरते! अडतं ते मालक कोण यावर. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल बहुतेकदा नवऱ्याच्या नावावर, आणि सगळा व्यवहार मुकादमाशी. कारखाना म्हणतो, ती आमची कामगार नाही. मुकादम स्वतःला मालक मानत नाही. खाड्याची रक्कम मात्र तिच्या घराच्या हिशेबात न चुकता चढते, म्हणून दिवस भरत आले तरी ती मोळ्या वाहते.

या धास्तीचं टोक बीड जिल्ह्यात दिसलं. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत सुमारे 82 हजार ऊसतोड स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पाळी आणि दुखण्यांपायी पडणारे खाडे हे त्यामागचं एक कारण होतं. हे वाचून संताप येत नसेल तर नवल.

आणि हे आपल्या महाराष्ट्रात! मजूर बाईला बाळंतपणात भत्ता देणारा देशातला पहिला कायदा मुंबई प्रांतानेच 1929 मध्ये केला. त्याआधी 1928 मध्ये विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची बाजू मांडली होती. तो कारखान्यांतल्या बायकांपुरता होता. पुढे 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरच्या बायकांनाही ही रजा लागू केली. रोजंदारी ही सबब चालणार नाही, हे तिथेच ठरलं. माझं मत स्पष्ट आहे : ऊस ज्याच्या गव्हाणीत पडतो, त्या कारखान्यानेच या रजेचा भार उचलावा.

तोवर तांड्यावरच्या बायकांना एवढं जरूर सांगा. गावातून निघण्यापूर्वी आशाताईंकडे गरोदरपणाची नोंद करून माता-बाल कार्ड सोबत न्यावं. ग्रामसेवकाकडे ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र मागावं, आणि ते तिच्या स्वतःच्या नावाचं असावं. अंगणवाडीतून प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेचा अर्ज भरावा. पहिल्या बाळासाठी 5 हजार आणि दुसरी मुलगी झाल्यास 6 हजार रुपये मिळतात. बुडालेल्या मजुरीपुढे ही रक्कम तोकडीच आहे, पण ती सोडू नये.