आपला मळा, आपलाच बाजार

करमाळा तालुक्यात पाऊस कमी. उजनीचे पाणी ज्यांच्या शिवाराला मिळते, त्यांचे ठीक. बाकीचे आपण विहिरीकडे आणि आभाळाकडे बघतो.

समजा, अशाच एका विहिरीवर एका कुटुंबाची एक एकर भाजी आहे. खत आणि औषध उधारीवर येते. भाजी दूरच्या बाजारात जाते. तिथे दर दुसराच ठरवतो. हाती आलेला पैसा उधारीत जातो. मग काय करावे?

घरचे खत वापरावे. भाजी जवळच विकावी. पण सगळा मळा एकदम बदलू नये. पहिली दोन-तीन वर्षे पीक कमी येऊ शकते. आधी दहा गुंठ्यांत करून बघावे.

चांगले कुजलेले शेणखत घालावे. जोडीला जीवामृत द्यावे. एका एकरासाठी २०० लिटर पाणी घ्या. त्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती घाला. पिंप ४८ तास सावलीत ठेवा. सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळा. मग पाण्याबरोबर पिकाला द्या.

किडीसाठी अर्धा किलो निंबोळीची भुकटी १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. गाळून फवारा.

आता विक्री. २०१६ साली सरकारने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायला मोकळीक दिली. त्याच साली शेतकरी आठवडे बाजाराची योजना आली. तिला संत सावता माळी यांचे नाव आहे. ते आपल्या शेजारच्या माढा तालुक्यातील अरणचे. भाजीचा मळा हीच त्यांची पंढरी.

पण ओळखीच्या गिऱ्हाइकाला विकायचे, तर शब्द पाळावा लागतो. हे बोलणे ऐका.

"काय गं, आज मेथी नाही?"

"नाय मावशी. किडीनं खाल्ली."

"मग बाजारातली आणून ठेवायची की!"

"ती आमच्या मळ्यातली नाय. तुम्ही नातवाला खाऊ घालता. खोटं कसं बोलू?"

"बरं, मग गवार दे. मेथी पुढच्या बाजारी नेईन."

त्या दिवशी मेथीचे पैसे बुडाले. पण गिऱ्हाईक टिकले. हीच खरी कमाई.

आणखी एक काम करा. आता तुम्हांला लिहिता येते. एक वही घाला. तारीख, माल, खर्च आणि जमा रोज लिहा. घरच्या माणसांची मजुरीही खर्चात धरा. वर्षाअखेर वहीच सांगेल, मळा वाढवावा की थांबावे.

सांगा पाहू :
१. ४० गुंठे म्हणजे एक एकर. मग दहा गुंठ्यांच्या जीवामृताला गूळ किती लागेल?
२. कारभारणीने बाजारातली मेथी का विकली नाही?
३. आजचा घरखर्च वहीत लिहा.