घरच्या काचटाकीसाठी मोठा मार्जारमीन निवडताना

शोभिवंत माशांची काचटाकी ही आता केवळ शहरातील दिवाणखान्याची वस्तू राहिलेली नाही. गावची शाळा, दवाखाना, हमरस्त्यावरील उपाहारगृह, इतकेच नव्हे तर बागायतदाराच्या घराची पडवी, येथेही ती दिसू लागली आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शोभिवंत मत्स्यपालनाचा समावेश झाल्यापासून या विषयाची विचारणा ग्रामकार्यकर्त्यांकडेही होते. त्यांपैकी एक प्रश्न नेहमीचा असतो : टाकीत एखादा मोठा, मिशा असलेला, रुबाबदार मासा ठेवावयाचा आहे, तर कोणता घ्यावा?

असा मासा म्हणजे बहुधा मार्जारमीन होय. तोंडाभोवती मांजरासारख्या मिशा असतात म्हणून हे नाव पडले. अंगावर खवले नसतात. काही जातींत त्यांच्या जागी हाडांची कठीण कवचे असतात. आपल्या नद्यांतील शिंगाळा, मांगूर, शिंगी हे सर्व याच गणातले. बहुतेक मार्जारमीन रात्री हिंडतात आणि मिशांच्या साहाय्याने तळाशी अन्न शोधतात. दृष्टीपेक्षा स्पर्श आणि गंध यांवर त्यांची अधिक भिस्त असते. हे मासे काटक असतात, माणसाची सवय लवकर करून घेतात आणि नीट राखल्यास दहा-पंधरा वर्षे सहज जगतात. म्हणूनच त्यांची निवड विचारपूर्वक झाली पाहिजे.

दुकानात मिळणारे पिल्लू दोन-तीन इंचांचे असते. त्याकडे पाहून निर्णय घेणे म्हणजे पारडू पाहून गोठा बांधण्यासारखे आहे. विकत घेणाराने पहिली चौकशी करावयाची ती किमतीची नव्हे, तर पूर्ण वाढीच्या लांबीची. यावर विक्रेत्याचे ठरलेले उत्तर असते की, मासा टाकीच्या मापाएवढाच वाढतो. हा समज सर्वस्वी चुकीचा आहे. अपुऱ्या जागेत माशाची वाढ खुंटते हे खरे. पण ती खुंटते कोंडमाऱ्यामुळे आणि दूषित पाण्यामुळे. अशा माशाचा कणा वाकतो, रोग जडतात आणि आयुष्य घटते. खुरटलेल्या माशाला त्या टाकीजोगता मासा म्हणता येत नाही.

बाजारात मोठे मार्जारमीन म्हणून मुख्यतः तीन प्रकार खपतात आणि तिन्ही सामान्य घराच्या टाकीस अयोग्य आहेत.

पहिला ‘शार्क’ या नावाने विकला जाणारा चंदेरी, चपळ मासा. शार्कशी त्याचा काडीमात्र संबंध नाही. मत्स्यशेतकऱ्यांनी तो नीट ओळखावा, कारण जलाशयांतील पिंजऱ्यांत व तळ्यांत ज्याचे उत्पादन घेतले जाते तो पंगस तो हाच. याचे मूळ स्थान मेकाँग व चाओ फ्राया या नद्यांच्या खोऱ्यांत आहे. तेथे तो थव्याने दूरवर स्थलांतर करतो आणि सव्वा मीटरपर्यंत वाढतो. तळ्यात सात-आठ महिन्यांत किलोभर वजनास पोचणारा मासा तीन फुटी काचेत सुखाने राहील अशी अपेक्षा कोणी पंगसपालक करणार नाही. परंतु तेच पिल्लू रंगीत दिव्याखाली दिसले की ही साधी गोष्ट विसरली जाते. त्यातून हा मासा अतिशय बुजरा. दार आपटले, दिवा एकदम लावला, तरी तो उसळून काचेवर आदळतो आणि नाकाडास कायमची जखम करून घेतो. पांढऱ्या रंगाचा ‘शार्क’ हाही त्याचाच रंगहीन प्रकार आहे.

दुसरा लाल शेपटीचा मार्जारमीन. काळसर पाठ, पांढरा पट्टा आणि तांबडी शेपटी यांमुळे तो फार मोहक दिसतो. तो ॲमेझॉन व ओरिनोको या दक्षिण अमेरिकेतील नद्यांचा रहिवासी असून एक मीटरहून अधिक लांब होतो. तोंडात मावेल तो सोबती गिळणे हा त्याचा स्वभावच आहे. तळाचे गोटेही तो कधी कधी गिळतो. याला वळावयास व फिरावयास निदान पाच मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि एक मीटर खोल हौद हवा. म्हणजे दहा हजार लिटर, अर्थात दहा टन पाणी. एवढा भार माडीच्या जमिनीवर टाकणे धोक्याचे आहे हे सांगणे नलगे.

तिसरा ‘सकर’, म्हणजे काच चाटणारा, कवचधारी मासा. टाकी साफ ठेवतो म्हणून तो लहान मुलांच्या टाकीतही सोडतात. काचेवरचे थोडे शेवाळ तो खातो हे खरे. पण त्याहून कितीतरी अधिक विष्ठा टाकतो आणि पुढे दीड फुटापर्यंत वाढतो. तोही मूळ दक्षिण अमेरिकेतील आहे.

या तिन्ही माशांचा शेवट बहुधा एकच होतो. टाकी अपुरी पडते, पाणी घाण वाटू लागते, मुलांचा उत्साह ओसरतो आणि एके दिवशी घरचे लोक तो मासा बादलीत घालून नदीत, विहिरीत किंवा पाझर तलावात सोडतात. मनात भावना जीवदानाची असते. प्रत्यक्षात नदीच्या मूळ माशांवर तो अन्याय होतो. सकरने हे दाखवून दिले आहे. पूर्व कोलकात्याच्या पाणथळीतील मत्स्यतळ्यांत तो पसरला. २०२० मध्ये वाराणसीजवळ गंगेत सापडला. आपल्याकडे उजनी जलाशयातील मच्छीमारही त्याला विटले आहेत. तो जाळ्यात शिरला की काटे व कवचे यांनी जाळे फाटते, सोडविताना हात रक्ताळतात आणि एवढे करून बाजारात त्याला दर नाही. काठाच्या मातीत तो बिळे करतो, त्यामुळे बांध खचण्याचा धोका असतो. पोटातून हवा घेऊन श्वसन करण्याची शक्ती असल्याने पाण्याबाहेरही तो बराच वेळ तग धरतो. कोणा एकाच्या हौसेची किंमत अशा रीतीने दुसऱ्याच्या जाळ्याला मोजावी लागते.

येथेच आफ्रिकन मांगुराचा इशारा देणे आवश्यक आहे. भारत सरकारने २००० साली या माशाच्या पालनावर बंदी घातली असून पुढे राष्ट्रीय हरित लवादानेही ती उचलून धरली. तो मीटरभर वाढतो, हाती येईल ते खातो आणि देशी मांगुराच्या मुळावर येतो. त्याची पिल्ले लहानपणी देशी मांगुरासारखीच दिसतात. खात्रीचे ठिकाण नसेल तर टाकीसाठी मांगूर घेऊच नये. शंका आल्यास जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयास दाखवावा.

मग घ्यावयाचा कोणता? ज्याची पूर्ण वाढ एक ते दीड फुटाच्या आत थांबते असाच. दुकानातील आफ्रिकी जातींपैकी सायनोडोंटिस वर्गातील मध्यम मासे या मर्यादेत बसतात. त्यांतील काही पोट वर करून पोहतात व पाहणाराची मोठी करमणूक करतात. परंतु परदेशी मासाच पाहिजे असा हट्ट नसेल, तर केरळ व दक्षिण कर्नाटकातील पश्चिमवाहिनी नद्यांचा होराबॅग्रस हा मासा सर्वांत सरस ठरतो. केरळात याला मंजक्कूरी म्हणतात. सोनेरी पिवळे अंग, कल्ल्यामागे ठसठशीत काळा ठिपका, मोठे डोळे आणि चार जोड्या मिशा असे त्याचे रूप आहे. तो फार तर दीड फूट वाढतो. नद्यांत तो विरळ होत चालला असून जागतिक सूचीत संकटाच्या छायेतील जातींमध्ये त्याची गणना होते. मात्र याचे प्रजनन माणसाच्या देखरेखीखाली साध्य झालेले आहे; म्हणून बीजकेंद्रातील पिल्लेच घ्यावीत, नदीतून धरलेला मासा नाकारावा. तसेच देशी मासा झाला तरी तो केरळच्या नदीचा आहे, कृष्णा-गोदावरीचा नव्हे; तेव्हा सोडून देण्याची मनाई त्यालाही लागू आहे.

शिंगी हा आपला मासा स्वस्त व चिवट आहे, पण त्याच्या छातीवरील काट्याचा दंश विषारी असून वेदना तासन्‌तास राहतात. लहान मुले असलेल्या घरात तो नसावा.

टाकीचे माप माशाच्या पूर्ण लांबीवरून ठरवावे. रुंदी निदान माशाच्या लांबीपेक्षा थोडी अधिक आणि लांबी तिच्या अडीच-तीन पट असावी. लांबी, रुंदी व पाण्याची खोली सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकारास हजाराने भागले की लिटर मिळतात. नेहमीची तीन फुटी, म्हणजे ९० × ४५ × ४५ सेंटिमीटरची टाकी जेमतेम १८० लिटरची भरते. होराबॅग्रसला १५० × ६० सेंटिमीटरची टाकी व ५० सेंटिमीटर पाणी द्यावे. हे ४५० लिटर होते. दर आठवड्यास त्यातील चौथाई, सुमारे ११० लिटर पाणी बदलावे लागते. जलजीवन मिशनने ग्रामीण माणसामागे दिवसाला ५५ लिटर पाण्याचे माप धरले आहे. म्हणजे टाकीच्या एका आठवड्यास दोन माणसांचे एका दिवसाचे पाणी लागते. मे महिन्यात टँकरवर अवलंबून असणाऱ्या गावात हा हिशेब कुटुंबाने आधीच मांडावा. काढलेले पाणी मात्र वाया जाऊ देऊ नये. त्यात नायट्रेट असते; परसातील वांगी-मिरचीस ते मानवते. औषध किंवा मीठ घातलेले पाणी मात्र झाडांस देऊ नये.

टाकी भरल्याबरोबर मासा सोडणे ही सर्वांत मोठी घाई. माशाच्या मलमूत्रातून अमोनिया निर्माण होतो. गाळणीतील स्पंजावर व खड्यांवर वाढणारे जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. या जीवाणूंची वसाहत होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर दोन-चार लहान, काटक माशांवर भागवावे व खाद्य अगदी बेताचे द्यावे. गाळणीचा स्पंज नळाच्या ताज्या पाण्याखाली धुऊ नये, कारण निर्जंतुकीच्या क्लोरिनने ते जीवाणू मरतात. टाकीतून काढलेल्याच पाण्यात तो पिळावा. नवे पाणीही उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून मगच ओतावे. वीज जाण्याचे प्रमाण जेथे अधिक, तेथे बॅटरीवर चालणारा हवापंप हाताशी ठेवावा. वीज चार-सहा तास गेली तर मासा निभावून नेईल, परंतु बंद गाळणीतील जीवाणू गुदमरतात आणि दुसऱ्या दिवशी पाणी बिघडते. मासा मेला की लोक खाद्याला दोष देतात, कारण हे असते.

तळाला नदीची गोल, धुतलेली वाळू घालावी. फोडलेल्या खडीच्या धारेने मिशा झिजतात, आणि मिशा गेल्या की या माशाला अन्न नीट शोधता येत नाही. दिवसा लपण्यास एक आडवे मडके किंवा चार इंची नळाचा तुकडा पुरे. झाकण घट्ट असावे, कारण हे मासे रात्री उडी मारतात. खाद्य संध्याकाळी, दिवा मालवल्यावर, दहा मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. बुडणारे दाणे, गांडूळ, कोळंबीचा तुकडा चालतो. कोंबडी-बकऱ्याची चरबी देऊ नये. खवले नसल्याने औषधाचा परिणाम यांच्यावर लवकर होतो. मात्रा नेहमीच्या निम्म्याने सुरू करावी.

खरेदीच्या वेळी मासा आपल्यासमोर खातो का ते पाहावे. पोट खोल गेलेला, मिशा तुटलेला, पर मिटून कोपऱ्यात पडलेला किंवा अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके असलेला मासा कितीही स्वस्त मिळाला तरी नको. शास्त्रीय नाव पावतीवर लिहून घ्यावे. मासा धरताना जाळी वापरू नये. परांचे काटे जाळीत अडकतात, तेव्हा पातेले पाण्यात बुडवून त्यात त्याला शिरू द्यावे.

ज्यांच्याकडे पंगस किंवा सकर आधीच आहे आणि टाकी पुरत नाही, त्यांनी प्रथम विक्रेत्यास परत घेण्याची विनंती करावी, अथवा मोठा हौद असलेल्या हौशी गृहस्थास द्यावा. पंगस हा खाण्याचाच मासा आहे. टाकीत औषधे वापरली नसतील तर तो खाण्यास हरकत नाही. सकरला कोणी घेत नसेल तर बादलीतील दहा लिटर पाण्यात चमचाभर लवंगेचे तेल थोड्या कोमट पाण्यात चांगले घुसळून मिसळावे व मासा त्यात ठेवावा. तो गुंगीत जाऊन मरतो. कल्ल्यांची हालचाल थांबल्यानंतरही त्याला अर्धा तास तसाच राहू द्यावा आणि मगच कंपोस्टच्या खड्ड्यात खोल पुरावा.