काच, ऊन आणि उष्णतेचा हिशेब

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने काचेच्या रसायनावर लिहावे, हे वाचकांना विचित्र वाटेल. पण बेळगावात आमचे काचेचे छोटे दुकान आहे. गेल्या उन्हाळ्यात एक विक्रेता द्रवाची बाटली घेऊन आला. 'काचेवर पुसा, मग ऊनच काच स्वच्छ ठेवील,' असे सांगून त्याने एजन्सीसाठी अनामत मागितली. बाबा जवळजवळ तयार होते. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि कन्नड माध्यमातून शिकलेल्या बी. एस्सी.च्या मित्राला घेऊन ग्रंथालय गाठले. पुस्तके इंग्रजीत, त्यामुळे दोघांनाही कष्ट सारखेच!

मूळ पदार्थ साधा आहे. टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे पांढऱ्या रंगात घालतात ती भुकटी. अतिनील प्रकाशात या ऑक्साइडच्या साहाय्याने पाण्याचे विघटन होते, हे जपानच्या फुजिशिमा व होंडा यांनी १९७२ साली दाखवले. प्रकाशाने त्यातील इलेक्ट्रॉन सुटे होतात. पाणी व प्राणवायू यांपासून अतिशय क्रियाशील कण बनतात आणि ते तेलकट मळ फोडतात. शिवाय अशा थरावर पाण्याचा थेंब टिकत नाही, पसरून पातळ पडदा होतो. त्यामुळे उरलेली धूळ पावसाबरोबर वाहून जाते.

मग अडचण कोठे आहे? थर काम करण्यासाठी ऑक्साइड स्फटिकरूप असावा लागतो. त्यातही 'ॲनाटेज' ही रचना उत्तम. नेहमीच्या पद्धतीने दिलेला थर अस्फटिक राहतो व त्याला ४०० ते ५०० अंश सेल्सियसपर्यंत तापवावे लागते. या तापमानाला साध्या काचेतील सोडियम थरात शिरून त्याचा गुण घटवते. प्लॅस्टिक तर वितळूनच जाईल. पिल्किंग्टन कंपनीने २००१ मध्ये बाजारात आणलेल्या काचेवर हा थर कारखान्यातच, काच तप्त असताना बसवतात. पण घराच्या खिडकीला भट्टीत कसे घालणार?

म्हणून संशोधक कमी तापमानाच्या वाटा शोधतात. एका पद्धतीत टायटॅनियमच्या फ्ल्युओराइड क्षाराच्या द्रावणात बोरिक आम्ल घालतात. ते फ्ल्युओराइडला बांधून घेते आणि बुडवलेल्या काचेवर ऑक्साइड हळूहळू साचतो. दुसरीत सिलिका व टायटॅनियाचा मिश्र थर गरम पाण्यात ठेवतात. १०० अंशांच्या आतच त्यात सूक्ष्म स्फटिक उगवतात. तिसरीत तयार स्फटिक द्रवात मिसळून काचेवर लावतात. मात्र त्यांना धरून ठेवणारा पदार्थ सेंद्रिय असला, तर हा थर त्यालाही फोडू लागतो.

हे वाचल्यावर मला विक्रेत्याचे प्रात्यक्षिक आठवले. त्याच्या काचेवर पाणी अळवाच्या पानावरच्यासारखे घरंगळत होते. म्हणजे अगदी उलट! आम्ही त्याचा द्रव लावलेला तुकडा आठवडाभर गच्चीवर उन्हात ठेवला. थेंब मोत्यासारखा गोलच राहिला. बाटलीत काहीही असो, उन्हाने जागा होणारा थर त्यात नव्हता.

अनामत वाचली. जमाखर्चात आम्ही कच्च्या मालाची किंमत आधी पाहतो. येथे माल स्वस्त आहे. महाग आहे ती त्याला स्फटिक बनवणारी उष्णता. ज्या दिवशी ती उष्णता खात्रीने वाचेल, त्या दिवशी बाबांना एजन्सी घ्यायला मीच सांगेन. तोवर आमच्या दुकानात फडके आणि पाणी आहेच.