मनोकायिक आजार : एक अभ्यास

बजाजनगरात रात्रपाळीहून आलेला कामगार डोकेदुखीने तळमळतो. तपासण्या नॉर्मल येतात आणि घरचे म्हणतात, ‘हे नाटक आहे.’ हा गैरसमज आहे. चिंता, भीती, संताप यांमुळे अ‍ॅड्रिनॅलिन, कॉर्टिसोल ही संप्रेरके वाढतात. रक्तदाब चढतो, स्नायू ताठरतात, पचन बिघडते. कारण मनात असले तरी वेदना खरीच असते. यालाच मनोकायिक आजार म्हणतात.

परिचित उदाहरण पाहू. इगतपुरीच्या धम्मगिरी विपश्यना केंद्राचे संस्थापक सत्यनारायण गोयंका यांना ब्रह्मदेशात असताना तीव्र अर्धशिशी होती. मॉर्फिनची इंजेक्शने घ्यावी लागत. परदेशी डॉक्टरांकडूनही गुण आला नाही. १९५५ साली ते ऊ बा खिन यांच्याकडे गेले. केवळ डोकेदुखीसाठी साधना शिकविण्यास त्यांनी नकार दिला. मनाच्या शुद्धीसाठी साधना केली, तेव्हा अर्धशिशीही गेली.

मात्र प्रत्येक दुखणे मनाच्या माथी मारू नये. पोटातील अल्सर पूर्वी काळजीचा रोग समजला जाई. बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनी त्यामागील जंतू शोधला. २००५ साली त्यांना नोबेल मिळाले.

म्हणूनच जाणता डॉक्टर आधी शरीर तपासतो. मग झोप, कर्ज, घरची काळजी याविषयीही विचारतो. आपणही न लाजता सांगावे. आणि आजाऱ्यास ढोंगी म्हणू नये.